पोथ्यांची खतावणी मांडणारे डॉ. राघवन



दत्तजयंतीचा सप्ताह जवळ आला की आपल्याकडे घरोघरी गुरुचरित्राची पोथी बाहेर निघते. पाट मांडायचा, त्यावर धूतवस्त्र घालायचं, पोथीला गंधफूल वाहायचं आणि मग वाचनाला बसायचं. आज आपल्या हातात असते ती छापील पोथी. पण छापखाने येण्याआधी कित्येक पिढ्या लोकांनी ती हाताने उतरवून ठेवली. बोरू शाईत बुडवायचा आणि एकेक ओवी लिहायची. ज्यांनी उतरवली त्यांतल्या बहुतेकांची नावंसुद्धा आपल्याला ठाऊक नाहीत. त्यांनी कंटाळा केला असता तर आज आपण कशाचं पारायण केलं असतं?

मी आयुष्यभर बँकेत कारकुनी केली. शिक्षण कॉमर्सचं, संस्कृत शाळेत झालं तेवढंच. मग एका संस्कृत पंडिताचं चरित्र मी का लिहायला घेतलं, असं कोणी विचारील. त्याचं कारण आधी सांगतो. ते मला भूषणावह नाही.

१९८३ साली आमच्या गावच्या घराची वाटणी झाली. माळ्यावर आजोबांची एक लाकडी पेटी होती आणि तिच्यात तांबड्या फडक्यांत बांधलेल्या पोथ्या होत्या. पंधरा असतील, वीस असतील. भांडी वाटली, समया वाटल्या, बसायचे पाटसुद्धा मोजून वाटले. पोथ्यांना मात्र कोणी हात लावेना. वाळवी लागेल, पायदळी येतील, त्यापेक्षा नदीत सोडाव्या असं मोठ्या माणसांचं ठरलं. माझ्याकडे सायकल होती म्हणून ते काम माझ्याकडे आलं. मी त्या नेल्या आणि नमस्कार करून पाण्यात सोडल्या. एकही फडकं सोडून पाहिलं नाही. त्या काळात बँकेत दिवसाअखेर दहा पैशांचा फरक आला तरी मी रात्री उशिरापर्यंत बसून तो शोधत असे. आणि घरच्या ठेवीचं खातं मात्र एका ओळीची नोंद न करता बंद करून आलो.

निवृत्तीनंतर आम्ही उभयता दक्षिण यात्रेला गेलो. रामेश्वर, मदुराई करून तंजावरला आलो. बृहदीश्वराचं दर्शन झालं आणि मग राजवाड्यातलं सरस्वती महाल ग्रंथालय पाहिलं. आपल्या भोसले घराण्यातल्या राजांनी, विशेषतः दुसऱ्या सरफोजी राजांनी, जमवलेल्या हजारो पोथ्या तिथे आहेत. संस्कृत, तमिळ, तेलुगू आणि मराठीसुद्धा. शिवाय मोडी लिपीतले दप्तरच्या दप्तर कागद. एवढं सगळं परमुलखात जपून ठेवलेलं पाहून मला माझी सायकल आठवली आणि मान खाली गेली. तिथल्या प्रकाशनांत शहाजीराजांवरचं एक संस्कृत काव्य दिसलं. संपादक म्हणून नाव होतं डॉ. व्ही. राघवन. हे राघवन कोण, याचा शोध घेता घेता जे हाती लागलं ते आज आपल्यापुढे ठेवतो.

तिरुवारूरचा मुलगा

वेंकटराम राघवन यांचा जन्म २२ ऑगस्ट १९०८ रोजी तंजावर जिल्ह्यातील तिरुवारूर येथे झाला. कावेरीच्या पाण्यावर पोसलेला हा भाग. तिरुवारूरला शिवाचे फार मोठे देवस्थान आहे. तिथल्या शिवाला त्यागराज म्हणतात. देवळाच्या बाजूला कमलालय नावाचे विस्तीर्ण तळे आणि वर्षातून एकदा निघणारा प्रचंड रथ, यासाठी हे गाव प्रसिद्ध. कर्नाटक संगीतातील त्रिमूर्ती म्हणून ज्यांना मान आहे ते त्यागराजस्वामी, मुत्तुस्वामी दीक्षितर आणि श्यामा शास्त्री, तिघेही याच गावात जन्मले. अशा गावात वाढणाऱ्या मुलाच्या कानावर लहानपणापासून काय पडले असेल हे सांगायला नको. संस्कृत, संगीत आणि भक्ती या तीन गोष्टी राघवन यांच्या आयुष्यात पुढे कधी वेगळ्या झाल्या नाहीत, त्याचे मूळ इथे आहे.

उच्च शिक्षणासाठी ते मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गेले. तिथे त्यांना गुरू लाभले महामहोपाध्याय कुप्पुस्वामी शास्त्री. शास्त्रीबुवा जुन्या पद्धतीने शास्त्रे शिकलेले आणि नव्या पद्धतीने संशोधन करणारे. मद्रासच्या सरकारी हस्तलिखित ग्रंथालयाची व्यवस्थाही त्यांच्याकडे होती. त्यामुळे त्यांचे विद्यार्थी छापील पुस्तकावर थांबत नसत. मूळ ताडपत्र वाचायला शिकत. ताडपत्रावरची अक्षरे कोरलेली असतात, कडा झिजलेल्या असतात, मधलीच पाने गळालेली असतात आणि लिपी तर प्रत्येक प्रांताची वेगळी. एकेक पान लावायला डोळे आणि चिकाटी दोन्ही लागतात. गुरूंनी ही चिकाटी शिष्याच्या अंगी बाणवली.

शिक्षण झाल्यावर राघवन काही काळ तंजावरच्या सरस्वती महालाचे अधीक्षक होते. म्हणजे आपल्या भोसले राजांचा ठेवा काही दिवस त्यांच्या हवाली होता म्हणायचा. नंतर ते मद्रास विद्यापीठाच्या संशोधन विभागात गेले आणि त्यांची सारी नोकरी तिथेच झाली. १९५५ पासून १९६८ पर्यंत ते संस्कृत विभागाचे प्रमुख होते.

एका राजाचा ग्रंथ

डॉक्टरेटसाठी त्यांनी जो ग्रंथ निवडला त्याचे नाव शृंगारप्रकाश. अकराव्या शतकातील धारचा भोज राजा याचा कर्ता. नाव ऐकून गैरसमज करून घेऊ नये. काव्य म्हणजे काय, नाटक म्हणजे काय, रस कशाला म्हणावे, याचा विचार करणारा हा शास्त्रग्रंथ आहे. एकूण ३६ प्रकाश, म्हणजे ३६ प्रकरणे. संस्कृत साहित्यशास्त्रात एवढा मोठा ग्रंथ दुसरा नाही. पण तो हस्तलिखितात पडून होता आणि फार थोड्यांनी तो पूर्ण वाचलेला होता.

राघवन यांनी तो ऐन तरुणपणी हाती घेतला. त्यांच्या अभ्यासाचा पहिला भाग १९४० साली मुंबईच्या एका प्रकाशनसंस्थेने छापला. पुढे भर घालत घालत सबंध अभ्यास १९६३ साली एकत्र प्रसिद्ध झाला आणि १९६६ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. मूळ ग्रंथाची त्यांनी तयार केलेली संहिता अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या ग्रंथमालेत छापली जाऊ लागली तेव्हा १९९८ साल उजाडले होते आणि राघवन हयात नव्हते. विशीत धरलेले काम मृत्यूनंतरही चालू राहिले. आपल्याकडे नेमधर्म चालवणारी माणसे असतात, वारी चुकवत नाहीत, पारायण चुकवत नाहीत. त्याच जातीचा हा नेम होता.

भोजाच्या या ग्रंथात एक गोष्ट अशी होती की तिने राघवन यांना पुढच्या वाटेला लावले. आपला मुद्दा पटवताना भोज जागोजागी जुन्या काव्यांतले श्लोक आणि नाटकांतले प्रसंग उदाहरणादाखल देतो. त्यांतली कितीतरी काव्ये आणि नाटके आज कुठेच मिळत नाहीत. म्हणजे मूळ वस्तू गेली आणि दुसऱ्याच्या वहीत तिची एक नोंद तेवढी शिल्लक राहिली. बँकेतल्या माणसाला हे लगेच समजते. एखादे जुने लेजर सापडत नसले तरी त्यातल्या व्यवहाराची दुसरी बाजू कुठल्या तरी पुस्तकात असतेच. धीर धरून शोधले तर खाते पुन्हा उभे करता येते.

राघवन यांनी नेमके हेच केले. रामकथेवरची जी जुनी संस्कृत नाटके नाहीशी झाली होती त्यांचे इथले तिथले उल्लेख आणि श्लोक त्यांनी गोळा केले आणि ती नाटके कशी असतील हे जुळवून दाखवले. त्यावरचे त्यांचे पुस्तक १९६१ साली अण्णामलाई विद्यापीठाने काढले. मायुराज कवीचे उदात्तराघव हे नाटक तर नष्ट झाले असेच सर्व धरून चालले होते. राघवन यांनी ते शोधून काढले आणि संपादन करून विद्वानांपुढे ठेवले.

या नाटकाची एक गंमत सांगण्यासारखी आहे. रामायणात सोन्याच्या हरणामागे प्रभू रामचंद्र जातात आणि लक्ष्मण मागे राहतो. या कवीला ते रुचले नसावे. त्याने हरणामागे लक्ष्मणाला पाठवले आणि लक्ष्मण संकटात आहे असे वाटून राम त्याच्या मदतीला धावले असे दाखवले. आपल्या दैवताकडे कोणी बोट दाखवू नये म्हणून कथाच थोडी वळवून घेणारा हा भक्त. शेकडो वर्षांपूर्वीच्या या माणसाचे मन आज आपल्याला कळते, कारण कोणीतरी त्याची पोथी शोधली.

खतावणी

आता राघवन यांच्या सर्वांत मोठ्या कामाकडे येतो. या कामात वाहवा कमी आणि कष्ट फार. म्हणूनच मला ते जवळचे वाटते.

थिओडोर ऑफ्रेक्ट नावाचे एक जर्मन पंडित होऊन गेले. जगातल्या निरनिराळ्या ग्रंथालयांनी आपापल्या संस्कृत पोथ्यांच्या याद्या छापल्या होत्या. त्या सगळ्या याद्यांची मिळून एक यादी ऑफ्रेक्ट यांनी केली आणि १८९१, १८९६ व १९०३ अशा तीन भागांत छापली. तिचे नाव कॅटलॉगस कॅटलॉगोरम, म्हणजे याद्यांची यादी. पण पुढच्या तीस वर्षांत कितीतरी नवीन पोथ्या उजेडात आल्या, नवीन याद्या झाल्या. तेव्हा ही यादी नव्याने करायचे काम १९३५ साली मद्रास विद्यापीठाने अंगावर घेतले. प्रमुख होते कुप्पुस्वामी शास्त्री आणि हाताखाली तरुण राघवन.

हे काम म्हणजे काय, ते नीट समजून घेण्यासारखे आहे. एक ग्रंथ घ्यायचा. त्याच्या प्रती कुठे कुठे आहेत ते पाहायचे. तंजावरला अमुक क्रमांक, पुण्याला अमुक, काशीला, काठमांडूला, लंडनला, बर्लिनला. त्यावर टीका कोणी लिहिल्या, छापला गेला असल्यास कुठे, त्याचा उल्लेख आणखी कोणत्या ग्रंथात येतो, हे सर्व एका नावाखाली आणायचे. ऐकायला सोपे वाटते. पण एकाच नावाचे दहा ग्रंथकार असतात. एकाच ग्रंथाला चार नावे असतात. कुठे यादी करणाराने नाव चुकीचे वाचलेले असते, कुठे पहिले पान नसल्याने भलतेच नाव घातलेले असते. प्रत्येक नोंद दुसऱ्या नोंदीशी ताडून पाहायची आणि मगच लिहायची. आमच्याकडे खातेदाराचे नाव एक आणि खाते क्रमांक दुसरा असा घोटाळा झाला की निस्तरता निस्तरता नाकी नऊ येत. इथे खातेदार हजार-दीड हजार वर्षांपूर्वी वारलेले आणि खाती जगभर पसरलेली!

१९४३ साली कुप्पुस्वामी शास्त्री वारले. काम जेमतेम रांगेला लागले होते. गुरूंनी सुरू केलेले काम शिष्याने उचलले. १९४९ साली पहिला खंड बाहेर पडला. तो फक्त अकाराचा! म्हणजे अ अक्षराने सुरू होणारे ग्रंथ आणि ग्रंथकार, एवढ्यानेच एक खंड भरला. पुढे सगळी मुळाक्षरे बाकी होती. हे काम आपल्या हयातीत पुरे होणार नाही हे त्याच दिवशी कोणालाही कळले असते. राघवन यांनाही कळले असणारच. तरी त्यांनी ते सोडले नाही. दुसरा खंड यायला १९६६ साल लागले. त्यानंतर मात्र एकामागून एक खंड निघत गेले आणि त्यांच्या पश्चात इतरांनी ते काम पुढे चालवले.

याच कामासाठी १९५३-५४ मध्ये ते युरोपभर फिरले. तिथल्या ग्रंथालयांत आपल्याकडून गेलेल्या संस्कृत पोथ्या होत्या आणि कित्येकांची अजून यादीही झालेली नव्हती. त्या त्यांनी पाहिल्या आणि टिपून आणल्या. लोक युरोपात जाऊन काय काय बघतात. हा गृहस्थ तिथे जाऊन आपल्याच पोथ्या मोजत बसला होता.

रंगभूमी

इतके झाल्यावर कोणाला वाटेल, हे अगदी रुक्ष, चष्मा नाकावर घेतलेले पंडित असतील. तसे ते नव्हते. संस्कृत कपाटात सुरक्षित राहिले म्हणजे झाले, असे त्यांना कधी वाटले नाही. बँकेत वर्षानुवर्षे व्यवहार झाला नाही की खाते निष्क्रिय होते. पैसे बुडत नाहीत, पण कोणाच्या कामाला येत नाहीत. भाषेचेही तसेच आहे. नोंद पाहिजे आणि उलाढालही पाहिजे. म्हणून राघवन यांनी स्वतः संस्कृतात नाटके लिहिली आणि लोकांपुढे आणली.

तरुणपणी त्यांनी विमुक्ती नावाचे एक प्रहसन लिहिले. वरवर पाहिले तर बायकोपोरांनी गांजलेल्या एका संसारी माणसाची गोष्ट. पण तो माणूस म्हणजे जीवात्मा, बायको म्हणजे प्रकृती आणि त्याला सळो की पळो करणारी मुले म्हणजे मन आणि इंद्रिये. हसता हसता वेदान्त सांगायचा. आपल्याकडे नाथमहाराजांच्या भारुडात हीच युक्ती आहे, हे वाचकांच्या ध्यानात आले असेलच. त्याच वयात त्यांनी अनारकलीवरही नाटक लिहिले. मोगल दरबारातली गोष्ट संस्कृतात! ते पुस्तकरूपाने आले १९७२ साली.

मला सर्वांत आवडल्या त्या त्यांच्या तीन छोट्या एकांकिका. विज्जिका, विकटनितंबा आणि अवंतिसुंदरी या तीन प्राचीन कवयित्रींवर त्या आहेत. या बायकांचे फार थोडे लिखाण उरले आहे. कुठल्या सुभाषितसंग्रहात दोनचार श्लोक, कुठल्या शास्त्रग्रंथात एखादा उल्लेख. विज्जिका वर्णाने सावळी होती. सरस्वती सर्वांगी शुभ्र असते असे दंडीने लिहून ठेवले, तेव्हा ही म्हणाली की मला न पाहताच त्याने तसे लिहिले. विकटनितंबा स्वतः मोठी कवयित्री, पण नवऱ्याला संस्कृतचे साधे उच्चारही धड जमेनात, अशी तिची कथा. अवंतिसुंदरी ही नाटककार राजशेखराची पत्नी. काव्यशास्त्रावर ग्रंथ लिहिताना राजशेखर आपल्या बायकोची मते मानाने नोंदवतो. या राजशेखराच्या पणजोबांना महाराष्ट्राचे भूषण म्हणत असत, म्हणजे हे घराणे आपल्याशी नाते सांगणारे. यादीमध्ये एका ओळीत मावणाऱ्या या स्त्रिया राघवन यांनी रंगमंचावर आणून बोलत्या केल्या.

१९५८ साली त्यांनी मद्रासला संस्कृत रंग ही संस्था स्थापन केली. जुनी संस्कृत नाटके आजच्या प्रेक्षकांना दोन-अडीच तासांत पाहता येतील अशी बेतून बसवायची आणि दरवर्षी करत राहायची, असा तिचा उद्देश. भरताच्या नाट्यशास्त्राचा त्यांचा अभ्यास गाढा असल्यामुळे पात्रांचे चालणे-बोलणे, संगीत, नृत्य, सगळ्याकडे त्यांचे लक्ष असे. रवींद्रनाथ टागोरांचे वाल्मीकिप्रतिभा हे नाटकही त्यांनी संस्कृतात आणले. वाल्या कोळ्याचा वाल्मीकी कसा झाला ती ही कथा, मूळ बंगाली. साहित्य अकादमीचे संस्कृतप्रतिभा हे नियतकालिक निघाले तेव्हा त्याचे संपादकही तेच. संस्कृतात आजही नवे लिहिता येते, हे त्यांनी तिथून दाखवून दिले.

भक्तीचा धागा

संगीताकडे त्यांचे लक्ष होतेच. १९४४ पासून अखेरपर्यंत, म्हणजे ३५ वर्षे, ते मद्रासच्या म्युझिक अकॅडमीचे चिटणीस होते. आपल्या गावच्या मुत्तुस्वामी दीक्षितरांवर त्यांनी संस्कृत महाकाव्य रचले. कांचीच्या शंकराचार्यांनी त्यांना कविकोकिल ही पदवी दिली. त्यागराजस्वामींच्या कृतींचे एक मोठे पुस्तक निघाले, त्याला त्यांनी प्रस्तावना लिहिली. नामस्मरणाची परंपरा त्यागराजांपर्यंत कशी आली याचा विचार तिच्यात आहे.

याच परंपरेत श्रीधर व्यंकटेश अय्यावाळ यांचे नाव येते, आणि मी तंजावरला पाहिलेले शहाजीराजांवरचे काव्य त्यांचेच. हे शहाजीराजे म्हणजे शिवछत्रपतींचे वडील नव्हेत. महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांचे हे चिरंजीव. १६८४ ते १७१२ त्यांनी तंजावरला राज्य केले. ते स्वतः नाटके लिहीत. कावेरीकाठचे एक गाव त्यांनी विद्वानांना अग्रहार दिले. त्याच गावात अय्यावाळ राहत.

त्यांची कथा तिकडे घरोघरी सांगतात. त्यांच्याकडे श्राद्ध होते. स्वयंपाक तयार होता. इतक्यात दारात एक भुकेला मनुष्य आला. त्या काळच्या समजुतीप्रमाणे हलक्या जातीचा. अय्यावाळांनी ब्राह्मणांच्या आधी त्याला जेवू घातले. गावाने बहिष्कार घातला आणि प्रायश्चित्त सांगितले की गंगास्नान करून या. ते कुठे काशीला जाणार? त्यांनी गंगेचा धावा केला आणि त्यांच्या परसातल्या विहिरीतून गंगा उसळून वर आली. दरवर्षी तिकडच्या कार्तिक महिन्याच्या अमावास्येला आजही लोक त्या विहिरीच्या पाण्याने स्नान करतात. पैठणच्या नाथमहाराजांच्या घरच्या श्राद्धाची कथा ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे ऐकून डोळ्यांत पाणी येईल. मुलूख वेगळा, भाषा वेगळी आणि संताचे वागणे तेच.

अशा सत्पुरुषाने मराठी राजावर लिहिलेले शाहेंद्रविलास हे काव्य हस्तलिखितात होते. राघवन यांनी ते १९५२ साली संपादन करून सरस्वती महालाच्या मालेत छापले. शहाजीराजांच्या दरबारी कोणकोण विद्वान होते, त्यांनी काय लिहिले, याची माहिती मोठ्या प्रस्तावनेत दिली. आपल्या राजांचे हे ऋण एका तमिळ पंडिताने फेडले आणि आपल्यातल्या किती जणांना ते माहीत आहे?

१९६४ साली आकाशवाणीवर त्यांची सरदार पटेल स्मारक व्याख्याने झाली. विषय होता भारतातले संतकवी. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत या संतांनी देश एकत्र बांधला, असे त्यांनी सांगितले, आणि त्यात आपले ज्ञानदेव, नामदेव, तुकाराम होतेच.

महाराष्ट्राशी त्यांचा आणखीही संबंध आला. भारत सरकारने १९५६ साली संस्कृत आयोग नेमला, तेव्हा सुनीतिकुमार चटर्जी अध्यक्ष होते, पुण्याच्या भांडारकर संस्थेचे डॉ. रा. ना. दांडेकर सदस्य-सचिव आणि राघवन सदस्य. देशभर फिरून पाठशाळांची, पंडितांची, ग्रंथालयांची पाहणी करून वर्षभरात अहवाल दिला. भारतरत्न पां. वा. काणे यांच्या नावाचे मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचे सुवर्णपदक राघवन यांना मिळाले होते. संस्कृत अभ्यासकांची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली तिचे पहिले अध्यक्ष राघवन आणि त्यांच्यानंतर अध्यक्ष झाले ते दांडेकर.

१९६२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. पुस्तके शंभरावर झाली, लेखांची संख्या हजारावर गेली. ५ एप्रिल १९७९ रोजी, चैत्राच्या शुद्ध पक्षात रामनवमीच्या सुमारास, त्यांनी देह ठेवला. आशियातील निरनिराळ्या देशांतली रामायणे यावर त्यांनी संपादित केलेला ग्रंथ पुढच्या वर्षी साहित्य अकादमीने प्रसिद्ध केला. रामाची हरवलेली नाटके शोधणाऱ्या राघवाचे शेवटचे काम रामायणाचेच ठरले.

आपल्या माळ्यावर

वाचकहो, एवढे मोठे काम आपल्याच्याने होणार नाही. पण त्यातले एका ओळीचे काम प्रत्येकाच्या हातात आहे. यात्रेहून आल्यावर मी आमच्या सगळ्या भाऊबंदांकडे विचारत फिरलो. एका चुलतभावाकडे देव्हाऱ्याच्या फळीवर एक पुडकं निघालं. पेटीत नव्हतं म्हणून वाचलं होतं. गंगालहरीची प्रत. अकरा पानं. शेवटी शक आणि लिहिणाऱ्याचं नाव. आजोबांचे आजोबा! गंगालहरीच्या प्रती ठिकठिकाणी आहेत, तिच्यात दुर्मीळ असं काही नाही. तरी मी कागदावर ग्रंथाचं नाव, पानांची संख्या, सुरुवात, शेवट, शक आणि लेखकाचं नाव लिहिलं, फोटो काढले आणि जवळच्या ग्रंथसंग्रहालयात नेऊन दिले. तिथल्या माणसाने रजिस्टर उघडून नोंद केली. माझ्या आयुष्यातली ती सर्वांत उशिरा झालेली पोस्टिंग.

आपल्या घरी, आपल्या देवळात, कोणाच्या माळ्यावर तांबड्या फडक्यातली पुडकी असतील तर या सप्ताहात ती उघडून पाहा. वाचता आली नाहीत तरी हरकत नाही, वाचणारे आहेत. पुण्याला भांडारकर संस्था आहे, भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, वाईला प्राज्ञपाठशाळा आहे. त्यांना कळवा. पाण्यात सोडलेली पोथी पुन्हा वर येत नाही, हे माझ्यावरून ध्यानात ठेवा.

श्री गुरुदेव दत्त.